बाळागोळी गेली, मशेरी राहिली



गेल्या पंधरवड्यात आम्हाला एका पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाला जावे लागले. कालकथित होते पाच महिन्यांचे. नामकरण होऊन तीन महिनेसुद्धा झाले नव्हते. ज्या बौद्धाचार्यांनी नाव ठेवताना परित्राणपाठ केला होता, त्यांच्यावरच आता त्याच खोलीत त्रिशरण-पंचशील म्हणण्याची वेळ आली. म्हणताना त्यांचाही आवाज बसला होता.

बाळाची आई चार घरची धुणीभांडी करते. बाप नाक्यावर उभा राहतो; बिगारी मिळाली तर जातो, नाही मिळाली तरी संध्याकाळी गुत्त्यावरून घरी येतो. बाळाला सांभाळायची ती त्याची आठ वर्षांची बहीण. बाळाला खोकला झाला होता. औषधाच्या दुकानातून कोणाला न विचारता एक बाटली आणली. आई कामावर जाताना पोरीला सांगून गेली, "लईच रडला तर झाकणभर पाज, झोपंल." त्या दिवशी पोरीने दोनदा पाजले की तीनदा, ते तिलाही आठवत नाही. रात्री बाप पिऊन आला आणि त्याच चटईवर बाळाशेजारी आडवा झाला. पहाटे आईने छातीशी घेतले तर बाळ थंड.

औषधाने गेले, बापाच्या अंगाखाली गुदमरले, की छातीतल्या कफाने गेले? नेमके कोणालाच सांगता आले नाही. आम्हीही सांगणार नाही. पण त्या खोलीत बसलेल्यांनी मात्र आपापला निकाल देऊन टाकला होता. एक बाई म्हणाल्या, "त्याच्या नशिबात नव्हतं." एक गृहस्थ म्हणाले, "आईचं लक्ष नको का?" बापाला कोणी एका शब्दाने बोलले नाही. तो दाराबाहेर उकिडवा बसला होता आणि येणारा प्रत्येक जण त्याच्या खांद्यावर हात ठेवून आत येत होता.

नशीब हा शब्द आपण १९५६ साली नागपूरला दीक्षाभूमीवर टाकून आलो. निदान तसे आपण सांगतो. नशीब टाकले की त्या जागी कारण शोधावे लागते. हे असेल तर ते होते, हे नसेल तर ते होत नाही, असे तथागतांनी सांगितले. मग पाच महिन्यांचे लेकरू गेले त्याचे कारण शोधायला आपण का कचरतो? कारण शोधायचे म्हटले की आपलेच घर उघडावे लागते, म्हणून. या आठवड्यात ते थोडे उघडावे असे आम्ही ठरवले आहे. कोणाला वाईट वाटले तर वाटो.

त्या खोलीत एक म्हाताऱ्या आजी भिंतीला टेकून बसल्या होत्या. त्या हळूच म्हणाल्या, "आमच्या लहानपणी बाळागोळी होती बाई. माझी आय गिरणीत जाताना धाकट्याच्या जिभंला गोळी लावायची. दिवसभर उठायचा नाही."

तरुण वाचकांना बाळागोळी म्हणजे काय हे ठाऊक नसेल. ती अफूची गोळी. मुंबईच्या गिरण्यांतल्या वाइंडिंग आणि रीलिंग खात्यांत हजारो बायका कामाला होत्या. पाळी दहा-अकरा तासांची. पाजायला घरी येता येत नसे आणि मूल खात्यात नेले तर कापसाची धूळ आणि मुकादमाची शिवी. मग सकाळी निघताना बाळाच्या तोंडात चिमूटभर अफू. १९२२ साली मुंबई सरकारसाठी गिरणीतील बाळंतिणींच्या स्थितीची पाहणी करणाऱ्या डॉ. बार्न्स या डॉक्टरीणबाईंनी लिहून ठेवले आहे, की कारखान्यांत काम करणाऱ्या बायकांच्या शंभरांतील ९८ मुलांना अफू दिली जात होती. अठ्ठ्याण्णव! म्हणजे न देणारी आई शोधावी लागत होती.

अफूने मूल झोपते म्हणजे काय होते हे नीट समजून घ्या, कारण आजच्या 'झोपेच्या' औषधांनाही ते बऱ्याच अंशी लागू आहे. बाळ झोपत नाही, गुंगते. त्याचा श्वास मंद होतो. भूक मरते, म्हणून ते रडत नाही, आणि रडत नाही म्हणून कोणी पाजत नाही. पोट आवळते. चार दिवसांनी तेवढ्या गोळीने गुंगी येईनाशी होते, मग आई गोळी थोडी मोठी करते. अशात खोकला झाला, ताप आला, तर जे बाळ एरवी झुंजले असते ते झुंजतच नाही. डॉक्टर मृत्यूच्या दाखल्यावर न्यूमोनिया लिहितो, अशक्तपणा लिहितो. अफू कोणी लिहीत नाही.

१९२१ साली मुंबईत जन्मलेल्या दर हजार मुलांमागे ६६७ मुले वर्षाच्या आत दगावल्याची सरकारी नोंद आहे. हा आकडा जसाच्या तसा घेऊ नये. पुष्कळ बायका बाळंतपणाला गावी जात, जन्माची नोंद मुंबईत होत नसे, मरणाची मात्र होई. त्यामुळे तो फुगलेला आहे. पण त्याच नोंदीतली दुसरी गोष्ट अधिक बोलकी आहे. एका खोलीत राहणाऱ्या कुटुंबांत हे प्रमाण हजारी ८२८ होते आणि चार किंवा अधिक खोल्यांत राहणाऱ्यांत १३३. अफू तर खरीच. पण गोळीच्या मागे खोली होती, खोलीच्या मागे मजुरी होती. आपल्या समाजाची माणसे तर गिरणीतही खालच्या पगाराच्या खात्यांत. विणकाम खात्यात त्यांना शिरकाव नव्हता, कारण तुटलेला धागा तोंडाने ओढून घ्यावा लागे आणि इतरांना विटाळ होई.

म्हणून आम्ही बाळागोळी देणाऱ्या त्या आयांना खुनी म्हणणार नाही. ज्यांनी त्यांना अकरा तास राबवले, मूल ठेवायला चार फूट जागा दिली नाही, त्यांना आधी जाब विचारला पाहिजे.

आणि तो विचारला गेला. १९२८ च्या जुलै महिन्यात मुंबई विधिमंडळात कामगार स्त्रियांना बाळंतपणात भत्ता देण्याचे विधेयक आले, तेव्हा बाबासाहेब त्याच्या बाजूने उभे राहिले. बाळंतपणाच्या आधी व नंतर आईला विश्रांती मिळणे यात साऱ्या देशाचे हित आहे, म्हणून त्याचा भार सरकारने उचलला पाहिजे आणि बायकांच्या श्रमावर नफा मिळवणाऱ्या मालकानेही उचलला पाहिजे, असा त्यांचा मुद्दा होता. १९२९ मध्ये कायदा झाला. विधेयकावरच्या त्या चर्चेच्या दोनच वर्षे आधी, १९२६ च्या जुलैत, त्यांचा लाडका राजरत्न गेला होता. त्याआधी गंगाधर, रमेश, इंदू. माता रमाईंनी चार लेकरे मातीआड केली. त्या घरात ना दारू होती ना अफू. होती ती गरिबी, आणि परळच्या चाळीतली ती कोंदट जागा. तेव्हा, मूल गेले की आईकडे बोट दाखवणाऱ्यांनी क्षणभर रमाईंचा चेहरा डोळ्यांपुढे आणावा.

पुढे १९४८ च्या कारखाना कायद्यात पाळणाघराची सक्ती आली. आधी पन्नासपेक्षा अधिक बायका असतील तर, आणि १९७६ च्या दुरुस्तीने तीसपेक्षा अधिक असतील तर. २०१७ साली बाळंतपणाची पगारी रजा सव्वीस आठवडे झाली. हे सारे चांगलेच आहे. पण आपल्या किती भगिनी अशा कारखान्यात आहेत? कोणी धुणीभांडी करते, कोणी कचरा वेचते, कोणी बांधकामावर पाट्या वाहते, कोणी कोयता घेऊन ऊसतोडीला जाते. त्यांना ना रजा, ना पाळणाघर. अंगणवाडीत बसवायचे तर मूल तीन वर्षांचे व्हावे लागते. तोपर्यंत सांभाळायला आठ वर्षांची ताई आणि शाळेच्या हजेरीपटावर तिच्या नावापुढे गैरहजेरी.

बाळागोळी आता गेली. तिच्या जागी खोकल्याचे औषध आले, सर्दीचे औषध आले, वाजवीपेक्षा जास्त उगाळलेले जायफळ आले. २०२५ च्या ऑक्टोबरात केंद्र सरकारच्या आरोग्य खात्याने बजावले, की दोन वर्षांखालील मुलांना खोकल्या-सर्दीची औषधे देऊच नयेत आणि पाच वर्षांखाली सहसा देऊ नयेत. हे पत्रक डॉक्टरांसाठी व औषध दुकानदारांसाठी होते. आमच्या वस्तीत ते कोणी वाचून दाखवले? म्हणून इथे लिहितो. बाटलीवर बाळाचे गोंडस चित्र आहे म्हणून ती बाळासाठी सुरक्षित आहे असे समजू नका.

आता मशेरी. इथे आमच्या भगिनी नाराज होतील, कारण दारू पुरुषांची असते, मशेरी आपली.

तव्यावर तंबाखू काळी होईपर्यंत भाजायची, कुटायची, डबीत भरायची आणि सकाळ-संध्याकाळ बोटाने हिरड्यांना लावायची. विचारले तर म्हणतात, "दात घासते." दिवसातून पाच वेळा कोण दात घासते? गरोदरपणी तर अधिकच. मळमळ थांबते, पोट साफ होते, भूक मारता येते. सासू सुनेला स्वतःच्या हाताने डबी देते. आम्ही मोठमोठ्या विदुषींना पाहिले आहे, सभेत दारूबंदीवर तडाखेबंद भाषण करून झाले की मागे जाऊन कमरेची डबी काढतात.

मुंबईत डॉ. प्रकाश गुप्ता आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १२१७ गरोदर बायकांची घरोघर जाऊन नोंद केली आणि बाळंतपणापर्यंत पाठपुरावा केला. त्यांत शंभरांतील सतरा बायका तंबाखू किंवा मशेरी वापरणाऱ्या होत्या. २००४ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाला: अशा आयांची बाळे सरासरी १०५ ग्रॅमने हलकी जन्मली आणि दिवस भरण्याआधी जन्मण्याचे प्रमाणही अधिक. २००६ साली दुसरा निष्कर्ष आला, तो वाचून आम्ही कागद बाजूला ठेवला. तंबाखू न वापरणाऱ्यांत शंभरी तीन बाळे मृत जन्मली होती. वापरणाऱ्यांत जवळजवळ नऊ. वय, शिक्षण वगैरे फरक वजा करूनही धोका अडीच पटीहून अधिक राहिला.

कारण सोपे आहे. हिरडीतून निकोटिन रक्तात जाते, रक्तवाहिन्या आवळतात, वारेकडे जाणारे रक्त कमी होते. बाळ पोटातच अर्धपोटी राहते. मग ते दोन किलोचे जन्मते आणि आपण म्हणतो, "आमच्यात बारीकच होतात." आईच्या दुधातूनही निकोटिन उतरते. पण म्हणून कोणी अंगावरचे पाजणे सोडू नये. सोडायची ती मशेरी, दूध नव्हे. आणि सातवा लागला, आता काय उपयोग, असेही म्हणू नये. ज्या दिवशी डबी फेकाल त्या दिवसापासून बाळाला रक्त अधिक मिळते. एकटीने जमत नसेल तर १८००-११-२३५६ हा तंबाखू सोडण्यासाठीचा सरकारी मोफत क्रमांक आहे.

पुरुषांना वाटेल, चला, या वेळी आपण सुटलो. नाही.

पाचव्या शिलाचा अर्थ आपण 'दारू पिऊ नये' एवढाच करतो. ते अपुरे आहे. त्यात सुरा आहे, मेरय आहे, मज्ज आहे, आणि त्यांच्या पुढे एक शब्द आहे: प्रमाद. प्रमाद म्हणजे बेसावधपणा, हेळसांड, ज्याची काळजी घ्यायची त्याचा विसर. दारू वर्ज्य सांगितली ती तिच्यामुळे हा प्रमाद घडतो म्हणून. चटईवर बाळ झोपले आहे हे ज्याला दिसत नाही, त्याने पाचवे शील कसे मोडले हे आणखी कोणत्या भन्तेजींनी समजावून सांगायचे? प्यालेला माणूस गाढ झोपतो. त्याचा हात, त्याची गोधडी बाळाच्या तोंडावर आली तर त्याला कळत नाही आणि बाळाला बाजूला होता येत नाही. दारू किंवा झोपेची गोळी घेतलेल्या माणसाने तान्ह्याशेजारी झोपू नये, असे बालरोगतज्ज्ञ स्पष्ट सांगतात. दहा बाय दहाच्या खोलीत दुसरी जागा कुठली, असे कोणी विचारेल. त्याने दाराबाहेर झोपावे. बाळाने नाही.

बिडीचेही तेच. खिडकी नसलेल्या खोलीत बाप बिडी ओढतो तेव्हा तान्हे मूलही ती ओढत असते. घरात धूर असेल तर बाळाला न्यूमोनियाचा धोका वाढतो, झोपेत अचानक दगावण्याचाही. आणि गुत्त्यावर गेलेल्या पैशांचा हिशेब तर आम्ही करायला नको. बाळंतिणीच्या ताटातली भाकरी, डाळ आणि अंडे कुठे गेले ते प्रत्येक घराला ठाऊक आहे.

असे काही करता येत नाही, असे मात्र नाही. गडचिरोलीत लोकांच्या आंदोलनानंतर १९९३ साली जिल्ह्यात दारूबंदी झाली. त्याच जिल्ह्यात डॉ. अभय आणि राणी बंग यांनी गावातल्याच बायकांना नवजात बाळाची काळजी घ्यायला शिकवले आणि तीन वर्षांत त्या गावांतले नवजात बालमृत्यू इतर गावांच्या तुलनेत ६२ टक्क्यांनी उतरले. त्या बायका डॉक्टर नव्हत्या, थोडेफार शिकलेल्या होत्या. त्याच धर्तीवर २०११ पासून आशाताई बाळंतिणीच्या घरी येऊ लागल्या. दवाखान्यात बाळंतपण झाले असेल तर तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी. वजन करते, ताप पाहते, श्वास मोजते. आपल्याकडे ती आली की, "बाळ झोपलंय, नंतर या," असे म्हणतात. तिला आत घ्या. घरात कोण पितो, कोण मशेरी लावते हे तिच्यापासून लपवू नका. ती पोलीस नाही.

२०२० साली महाराष्ट्रात हजारी १६ अर्भके दगावली, देशात २८. शंभर वर्षांपूर्वीच्या आकड्यांशेजारी हे ठेवले म्हणजे आपण कुठून कुठे आलो ते कळते. पण ज्या खोलीत आम्ही बसलो होतो तिथे सोळा हा आकडा सांगायची आम्हाला हिंमत झाली नाही.

आपण किसा गोतमीची गोष्ट प्रवचनात पुष्कळदा ऐकतो. मूठभर मोहरीसाठी ती घरोघर फिरली आणि मरण सगळ्यांच्याच घरी आहे हे तिला उमगले. दुःखात धीर द्यायला ही गोष्ट फार मोलाची आहे. मात्र जे मरण टाळता आले असते त्यावर पांघरूण घालायला तिचा उपयोग होताना दिसला की आम्हाला राग येतो. त्या दिवशी एका वक्त्याने नेमके तेच केले.

कार्यक्रम संपल्यावर ती आई आमच्याजवळ आली. म्हणाली, "ताई, मीच सांगितलं हुतं पोरीला पाजायला. ती आता जेवतच नाही." आम्ही बाळाच्या आईचे सांत्वन करायला गेलो होतो, ज्या पोरीच्या हातात ते झाकण होते तिच्याकडे आमचे कोणाचेच लक्ष गेले नव्हते. ती गॅसच्या शेगडीमागे बसली होती. तिला आम्ही जवळ घेतले आणि सांगितले, की औषधाने बाळ गेले असे डॉक्टरही म्हणत नाहीत, आणि तू आठ वर्षांची आहेस, हे काम तुझे नव्हतेच. तिला किती समजले कोण जाणे. त्या रात्री थोडा भात खाल्ला, एवढे कळले.

बापाशी बोलायला महिला मंडळाच्या दोघी आणि विहाराचे दोन जाणते उपासक गेले. पहिल्या दिवशी त्याने शिव्या दिल्या. दुसऱ्या दिवशी रडला. तिसऱ्या दिवशी पुन्हा प्याला. व्यसनमुक्ती केंद्रात दाखल व्हायला अजून तयार नाही. १४४४६ हा सरकारी मदत क्रमांक त्याच्या भावाला लिहून दिला आहे. आम्ही खोटे लिहिणार नाही, तो सुधारलाच असे काही झालेले नाही.

दुसरे एक काम मात्र सुरू झाले आहे. विहाराचा हॉल सकाळी नऊपासून दुपारी दोनपर्यंत बंदच असतो. तो तेवढा वेळ तान्ह्या मुलांसाठी द्यावा, असे महिला मंडळाने सुचवले. विश्वस्तांपैकी काहींचे म्हणणे पडले, की बुद्धमूर्तीसमोर मुले शी-शू करतील, विहाराचे पावित्र्य राहणार नाही. यावर एका साठीच्या बाईंनी विचारले, "मग आपुन देऊळच का न्हाई बांधलं?" दोन तास वाद झाला. शेवटी किल्ली मिळाली. कामावर जाणे थांबवलेल्या दोन आज्या आळीपाळीने बसतात. दोघींनीही मशेरीची डबी हॉलबाहेर ठेवायची असा करार झाला आहे, आणि एकीची डबी परवा आतच सापडली. नऊ मुले येतात. जवळ काम असलेल्या आया मध्ये एकदा पाजून जातात. त्या मुलीचे नाव शाळेत पुन्हा हजेरीवर आले आहे. दोन पाळणे, चटया आणि पाण्याचा माठ झाला. पंख्यासाठी वर्गणी चालू आहे.